जुन्या टीव्हीला चालेल का?

"हा जुन्या टीव्हीला चालेल का?"

प्रश्न एकच, पण काउंटरच्या दोन टोकांकडून दोन आवाजांत, एकाच दमात आला. ठिपकीनं मान वळवली. पलीकडे एक उंच, किंचित पोक काढून उभा असलेला तरुण तिच्याकडेच बघत होता. त्याचं बोट ज्या खोक्यावर होतं, त्याच खोक्यावर तिचंही होतं. बोटाला बोट लागलं. दोघांनी चटका बसल्यासारखी ती मागे घेतली… आणि खोकं हातचं जाईल या भीतीनं लगेच परत ठेवली.

"एकच पीस आहे," दुकानदार म्हणाला.

"आधी मी विचारलं," ठिपकी म्हणाली.

"आपण बरोबरच विचारलं," तो म्हणाला. "फक्त तुमचा आवाज जास्त पोचला."

ते खोकं म्हणजे एक मीडिया प्लेअर होता. पेनड्राइव्ह खोचायचा, वायर टीव्हीला लावायची आणि पेनड्राइव्हवरचा व्हिडिओ बघायचा. नवीन प्लेअर दुकानात ढिगानं होते, पण त्यांना सगळ्यांना एचडीएमआयची वायर लागायची. या एकट्या जुन्या मालाच्या खोक्यात तीही वायर होती आणि जुन्या पद्धतीच्या लाल, पांढऱ्या, पिवळ्या वायरीही होत्या.

"जुना म्हणजे किती जुना?" दुकानदारानं विचारलं.

"डबा," ठिपकी म्हणाली. "मोठ्या पाठीचा. उचलायला दोघं लागतात, आणि तिसरा 'सांभाळून, सांभाळून' म्हणायला."

"माझा चपटा आहे," तो तरुण म्हणाला. "पण चपटे निघाले तेव्हाच्या पहिल्या खेपेतला असावा. दवाखान्याबरोबर मिळाला. आधीचे डॉक्टर जाताना म्हणाले, खुर्ची बदला, दिवे बदला, टीव्हीला फक्त बोलू नका काही. स्वभावानं हळवा आहे तो."

"तुम्ही डॉक्टर?"

"दातांचा."

ठिपकीचे ओठ आपोआप मिटले. घट्ट.

"बघा," तो खिन्नपणे म्हणाला. "सगळे असंच करतात. दातांचा डॉक्टर म्हटलं की समोरचा माणूस तोंड बंद करतो. आजवर एका मुलीनं माझ्याकडे बघून मोकळं हसल्याचं मला आठवत नाही."

यावर ठिपकीला हसू फुटलं. आवरायला गेली तर जास्तच फुटलं. डॉक्टर टक लावून बघत राहिला.

"वरच्या बाजूला… डावीकडे…" तो हलकेच म्हणाला.

"खबरदार!"

"काही नाही, काही नाही. सुंदर आहे, एवढंच म्हणत होतो."

ठिपकीला तो प्लेअर गंमत म्हणून नको होता. तिचे बाबा शाळेत चित्रकला शिकवायचे. जन्मली तेव्हा ती इतकी एवढीशी होती की त्यांनी तिचं नाव ठिपकी पाडलं, आणि तेच चिकटलं. मोठ्या भावानं, दादानं, बँकेतली पक्की नोकरी सोडून पाण्याखाली कॅमेरा घेऊन बुड्या मारायला सुरुवात केली, तेव्हापासून बापलेकांचं बोलणं बंद होतं. आई असती तर तिनं दोघांचे कान धरून एका ताटावर बसवलं असतं. ती नव्हती. आता दादानं समुद्राच्या तळाची एक अख्खी फिल्म केली होती आणि बहिणीला पेनड्राइव्ह पाठवून फोनवर चाचरत म्हणाला होता, "बाबांना… म्हणजे जमलं तर… दाखव."

पण बाबा फोनवर बघत नसत. लॅपटॉपला ते 'पाटी' म्हणायचे आणि पाटीवर चित्रं बघायची नसतात, असं त्यांचं मत होतं. बघायचं तर आपल्या खुर्चीत बसून, आपल्या डबा टीव्हीवर. "रंग काय ते त्याच्यातच," ते म्हणायचे. नवा टीव्ही आणायचा विषय निघाला की ते उठून डब्याला फडकं मारायला लागत.

"तुमच्या टीव्हीच्या मागे एचडीएमआयचं भोक आहे का?" ठिपकीनं डॉक्टरला विचारलं. "असेल तर तुम्हाला हा कशाला हवा?"

"मी त्याच्या मागे कधी गेलो नाही. आमची तेवढी ओळख नाही."

"मग चला, बघू या. भोक निघालं तर तुम्ही नवा घ्यायचा आणि हा माझा."

दुकानदारानं दोन्ही खोकी निमूट दिली. त्याची एक दाढ अर्धवट अवस्थेत डॉक्टरच्या ताब्यात होती, त्यामुळे विश्वासाचा प्रश्नच नव्हता. दवाखाना रस्त्याच्या पलीकडेच होता. बाहेर भुरभुर पाऊस होता. डॉक्टरनं मोठ्या अदबीनं छत्री उघडली… आणि खोक्यांवर धरली. ठिपकी भिजत रस्ता ओलांडून गेली.

"इलेक्ट्रॉनिक आहे ना," तो दारात ओशाळून म्हणाला.

"हो. आणि मी स्टीलची."

दवाखान्यात एक आजी आणि हळवा टीव्ही, एवढेच हजर होते. आतल्या मशीनची घरघर ऐकली की पेशंट उठून जातात, म्हणून बाहेर नद्याबिद्या, डोंगरबिंगर दाखवायचे, असा डॉक्टरचा बेत होता. ठिपकीनं टीव्ही भिंतीपासून पुढे ओढून मागे डोकं घातलं. जाळी, धूळ, आणि एका जुन्या स्टिकरखाली एचडीएमआयचं भोक! पण नवा प्लेअर लावला तर पडदा काळा. 'सिग्नल नाही.'

"मेला?" डॉक्टरनं विचारलं.

"नाही हो. मी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते, माझं ऐका. तुमचा प्लेअर याला तक्त्यातली सगळ्यात बारीक ओळ वाचायला सांगतोय. फोर-के. याला ती दिसतच नाही, म्हणून बिचारा गप्प बसलाय. याला वरची मोठी ओळ दाखवायची."

"कशी दाखवायची? पडद्यावर काहीच दिसत नाही, तर सेटिंग बदलणार कुठे?"

मग दोघांनी प्लेअर आत नेऊन एक्स-रे बघायच्या स्क्रीनला लावला. ठिपकीनं सेटिंगमध्ये चित्राचा आकडा उतरवला, आणि प्लेअर परत बाहेर आणून हळव्या टीव्हीला जोडला. क्षणभर काहीच झालं नाही… आणि मग दवाखान्यात नदी वाहू लागली. हिरवी, झुळझुळ.

डॉक्टरनं टाळी वाजवली. ठिपकीच्या केसांत जाळं अडकलं होतं. ते काढायला त्यानं हात पुढे केला, अर्ध्यावर थांबला आणि कपाटातून लांब चिमटा आणला.

"चिमट्यानं?" ती म्हणाली.

"हातानं काढलं तर… तुम्हाला काय वाटेल, असं वाटलं."

"चिमट्यानं काढल्यावर काय वाटतं, ते विचारा ना."

"मला तर आता सारखं बाथरूमला जावंसं वाटणार," नदीकडे बघत आजी म्हणाल्या.

असा जुन्या मालाचा प्लेअर ठिपकीच्या पदरात पडला. घरी जाऊन तिनं लाल, पांढरी, पिवळी वायर डब्याला खोचली. बाबा खुर्चीत बसले. "कसली फिल्म?" त्यांनी विचारलं. "समुद्राची आहे," तिनं मोघम सांगितलं. बटण दाबलं. लाटांचा आवाज आला. बुडबुड्यांचा आला. पुढे दादानं घातलेलं बासरीचं संगीतही आलं. चित्र काही आलं नाही.

"रेडिओ चांगला आणलास," बाबा म्हणाले आणि उठून गेले.

प्लेअर जुना, फिल्म नव्या पद्धतीची. त्याला आवाज उलगडत होता, चित्र झेपत नव्हतं. ठिपकीनं तिथल्या तिथे डॉक्टरला फोन लावायला घेतला, तर त्याचाच आला.

"नदी आटली," तो म्हणाला. "येऊन बघाल का?"

ती गेली. वायर निघाली होती. खोचली. पुढच्या आठवड्यात नदी पुन्हा आटली. मग एक दिवस डॉक्टरच तिच्या दुकानात हजर झाला, डोळे चुरचुरतात म्हणून. अंधाऱ्या खोलीत ती त्याच्या डोळ्यांवर भिंगं चढवत राहिली. "हे बरं की हे?" ती विचारायची. "हे," तो म्हणायचा. "आणि हे?" "हे पण." "समोर बघा, माझ्याकडे नको." "तुम्ही समोरच आहात."

"पुन्हा यावं लागेल," ती गंभीरपणे म्हणाली. "लक्ष ठेवायला हवं."

तो पुन्हा आला. परत आला. नदीही आटत राहिली. या येण्याजाण्यात ठिपकीनं त्याला कधीतरी दादाची सगळी हकिकत सांगितली. सांगताना तिचा आवाज जरा ओला झाला. डॉक्टर थट्टा विसरला.

"माझा प्लेअर ती फिल्म दाखवेल," तो म्हणाला. "फक्त तुमच्या डब्याला एचडीएमआय नाही. त्याला मध्ये एक कन्व्हर्टर लागतो, छोटी डबी असते. एका बाजूनं एचडीएमआय आत, दुसरीकडून तीन रंगांच्या वायरी बाहेर. मी दुकानदाराला विचारून ठेवलंय."

"कधी विचारलंत?"

"तुम्ही रेडिओचं सांगितलंत ना… त्याच दिवशी."

"रविवारी घरी या," ठिपकी म्हणाली.

रविवारी सकाळी तो घरी आला. हातात प्लेअर, डबी आणि वायरींचं भेंडोळं. बाबांनी त्याला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं.

"काय करता?"

"दातांचा डॉ—"

बाबांनी गालावर हात ठेवला. "ठिपके! मला फसवून घरी डॉक्टर आणलास?"

"अहो बाबा, टीव्ही जोडायला आलेत ते!"

"दातांचा डॉक्टर टीव्ही जोडायला? मग वायरमन काय, दाढा काढतो?"

"दाढ दुखतेय का तुमची?" डॉक्टरनं विचारलं.

"अजिबात नाही!" बाबा म्हणाले आणि ओठ घट्ट मिटून खुर्चीत बसले. ठिपकीला मात्र एकदम उलगडा झाला, की गेला महिनाभर बाबा सगळं एकाच बाजूनं का चावत होते.

डॉक्टर डब्याच्या मागे शिरला. डबीला वीज दिली, आकडा मोठ्या ओळीवर आणला, आणि चित्र उमटलं. पाणी, वाळू आणि एक मासा.

"हा मासा आजारी आहे," बाबा म्हणाले. "असा उभट मासा असतो का? कुणीतरी दोन्ही बाजूंनी दाबल्यासारखा."

रुंद चित्र चौकोनी पडद्यात कोंबलं गेलं होतं. डॉक्टरनं डब्याचाच रिमोट घेऊन डब्याच्या मेनूत, जिथे घरातलं कुणी कधी गेलं नव्हतं, तिथे रुंद चित्राची खूण शोधली. वर-खाली काळ्या पट्ट्या आल्या आणि मासा अंगानं भरला.

"आता ठीक आहे," बाबा म्हणाले. पुढे वाकले. जरा वेळानं परत मागे टेकले. "पण रंग नाहीत. धुऊन वाळत घातल्यासारखं दिसतंय सगळं. ज्यानं काढलंय त्याला रंग कळत नाही."

ठिपकीला रडूच कोसळणार होतं. तिनं डॉक्टरकडे बघितलं. त्यानं मानेनंच 'थांबा' म्हटलं आणि प्लेअरच्या सेटिंगमध्ये घुसला.

"काका, चूक काढणाऱ्याची नाही," तो म्हणाला. "हल्लीच्या फिल्मा नव्या टीव्हीच्या हिशेबानं भडक उजेडात केलेल्या असतात. जुन्या टीव्हीला तो उजेड कळत नाही, तो सगळं फिकं करून टाकतो. प्लेअरला सांगावं लागतं, की बाबा रे, याच्या भाषेत बोल." आणि त्यानं एक खूण बदलली.

डबा एकदम निळा झाला. निळ्यात हिरवा उतरला, हिरव्यात नारिंगी माशांचा थवा वळला, आणि मागून एक म्हातारं कासव सावकाश, घरचं कार्य असल्यासारखं, पोहत आलं.

बाबा हलले नाहीत. हातातलं बिस्किट हातातच राहिलं. ठिपकी श्वास रोखून त्यांच्याकडे बघत होती, आणि डॉक्टर तिच्याकडे. फिल्म संपली, तरी कुणी उठेना.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "ही फिल्म कुणी—"

"मला सांगतेस?" बाबा म्हणाले. "मधोमध काही ठेवत नाही तो. लहानपणी झाड काढायला सांगितलं तर कोपऱ्यात काढायचा. दुसऱ्याच चित्राला ओळखलं मी. म्हणून तर रंग बघून जीव खाली-वर होत होता, की पोरगं एवढं खोल गेलं आणि रंग हरवून आलं की काय." त्यांनी हात पुढे केला. "फोन लाव त्याला."

तिनं लावला.

"मी बोलतोय," बाबा फोनमध्ये म्हणाले. "कासव चांगलं आहे… हो, बघितली. सगळी… पण चालणाऱ्याच्या पुढे जागा सोडायची असते, किती वेळा सांगितलंय? त्याचं नाक चौकटीला टेकलंय… अरे, रडतोस काय गाढवा? दिवसभर पाण्यातच असतोस, तेवढं पुरत नाही का? … ये. कधी येतोस ते सांग."

फोन ठेवून त्यांनी जोरात बिस्किट चावलं आणि "आई गं!" म्हणून ओरडले.

"अजिबात दुखत नाही ना?" डॉक्टरनं अदबीनं विचारलं.

"मुलगा जेवायला येणार आहे," बाबा गाल धरून म्हणाले. "त्याच्यासमोर एका बाजूनं चावणार नाही मी. कधी येऊ?"

त्या आठवड्यात बाबा दवाखान्याच्या खुर्चीत आडवे झाले. ठिपकीनं आतच थांबायचं, या अटीवर. डॉक्टरनं भूल दिली, गालात कापसाचे बोळे ठेवले आणि म्हणाला, "काका, आता बोलू नका, जीभ चावाल. काही झालं तर हात वर करा. मी लगेच थांबेन."

भूल चढायला वेळ होता. बाहेरून पाण्याची झुळझुळ ऐकू येत होती.

"नदी छान चाललीय," ठिपकी म्हणाली. "आता आटत नाही का?"

डॉक्टरनं तोंडावरचा मास्क नीट केला. तो नीटच होता. "ती कधीच आटत नव्हती. वायर… मी काढायचो."

"माहीत आहे मला. आपोआप निघालेली वायर स्वतःची गुंडाळी करून, रबर लावून ड्रॉवरमध्ये जाऊन बसत नाही."

"मग तुम्ही येत का होतात?"

"तुमचे डोळे पहिल्या दिवसापासून ठणठणीत आहेत," ती छताकडे बघत म्हणाली. "तुम्ही का येत होतात?"

"तुम्ही म्हणालात, लक्ष ठेवायला हवं!"

"ठेवत होते ना."

"कशावर?"

"तुम्हाला मी… नीट दिसते की नाही, त्यावर."

बाबांचा हात वर गेला. डॉक्टर दचकून मागे सरला. "दुखतंय काका?"

बाबांनी मान हलवली. नाही. "इ…आय," ते बोळ्यांतून म्हणाले. "इ…आय!"

"काय म्हणतायत?" डॉक्टरनं घाबरून विचारलं.

"विचार, म्हणतायत," ठिपकी म्हणाली, आणि तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

"काय विचारू?"

बाबांनी डोळे मिटून घेतले. शाळेत सगळ्यात मागच्या बाकावरच्या मुलाला शिकवताना मिटायचे, तसे.

डॉक्टरनं मास्क खाली ओढला. वाक्य बहुधा पाठ केलं असावं, पण ते कुठेतरी पडलं. "ठिपकी," तो म्हणाला. आजवर त्यानं तिला या नावानं कधी हाक मारली नव्हती. "तुम्ही आलात की मला दवाखाना… म्हणजे, दवाखान्यासारखा वाटत नाही. गेलात की परत वाटतो. तर… माझ्याशी लग्न कराल?"

ती हसली. मोकळी, सगळे दात दाखवून. डॉक्टरनं एकही दात मोजला नाही.

"करीन," ती म्हणाली.

बाबांचा हात परत वर. आता दुसराही.

"आशीर्वाद देतायत!" डॉक्टर भारावून म्हणाला आणि त्यानं मशीन उचललं.

"आशीर्वाद नाही देत," ठिपकी म्हणाली, "तुमचा हात कसा थरथरतोय, तो बघतायत."

खरंच थरथरत होता. दाढेचं काम अर्ध्या तासानं करायचं ठरलं. बाबा अर्धं सुन्न तोंड घेऊन बाहेर नदीसमोर जाऊन बसले आणि त्यांनी स्वतःच दादाला फोन लावला.

"आवई," ते म्हणाले. "आवई इळाआ!"

"आवळा? बाबा, नीट बोला! पडलात का? ठिपकी कुठाय?"

शेवटी तिनं त्यांच्या हातातून फोन घेतला. दारात डॉक्टर उभा होता, हातमोजे तसेच, चेहऱ्यावर परीक्षेत पास झाल्याचं कळूनही खरं न वाटणाऱ्या मुलाचे भाव.

"काय म्हणतायत बाबा?" दादा ओरडत होता.

"म्हणतायत," ठिपकी दारातल्या माणसावरची नजर न काढता म्हणाली, "जावई मिळाला. मी लग्न करतेय, दादा."

हे वाक्य ती आयुष्यात पहिल्यांदाच बोलत होती. तोंडात ते इतकं छान वाटलं, की दादानं विचारलं नसतानाही तिनं ते पुन्हा एकदा म्हटलं.